गाडीला अवकाश आहे : पंचवटीतील तीन तास



कामानिमित्त नाशिकला येणारा माणूस काही देवदर्शनासाठी घरून निघालेला नसतो. कुणाची कोर्टात तारीख असते, कुणाचे जिल्हा परिषदेत बिल अडकलेले असते, कुणी दुखणाईत माणसाला दवाखान्यात पोहोचवून परत निघालेला असतो. दिंडोरी रस्त्यावरच्या बाजार समितीत माल उतरवला आणि आडत्याकडून पट्टी हातात पडली, की शेतकरीही मोकळा होतो. पण गावाकडची गाडी तर सायंकाळची. मग मधले दोन-तीन तास उरतात. ते बहुधा स्टँडवरच्या बाकावर, पिशवीवर हात ठेवून, येणाऱ्याजाणाऱ्याकडे पाहत जातात.

हेच तीन तास पंचवटीत कसे घालवावेत, एवढेच मी आज तुम्हाला सांगणार आहे. त्यासाठी पुस्तक नको, वाटाड्या नको, आणि खर्च म्हणाल तर चहापुरता. होळकर पुलापासून काळारामाच्या दरवाजापर्यंतची वाट चालून पाहिली, तर ती मैलभरही भरायची नाही. परंतु एवढ्याशा वाटेवर अडीचशे-तीनशे वर्षांचा इतिहास दगडात उभा आहे. तो आपोआप बोलत नाही, त्याला विचारावे लागते. प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न विचारा. हे बांधले कोणी? त्याला पैसा आला कोठून? आणि येथे पाऊल टाकण्याची मुभा कोणाला होती, कोणाला नव्हती? पहिला प्रश्न सगळेच विचारतात. दुसरा थोडे विचारतात. तिसरा मात्र पुष्कळदा विचारायचा राहून जातो, आणि पंचवटीत तर तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

वाटेला लागण्यापूर्वी आणखी एक गोष्ट. या भागात पावलोपावली तुम्हाला कथा ऐकायला मिळतील. येथे सीतामाई राहिली, येथे लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले, म्हणून गावाचे नाव नाशिक. या कथा ऐकाव्यात, त्यांत गोडी आहे, आणि हजारो माणसे त्यांवरच्या श्रद्धेने येथे येतात. मात्र आख्यायिका वेगळी आणि पुरावा वेगळा, हे मनात पक्के असावे. नाशिक हे नाव पुराव्याने पाहायचे तर मुंबईच्या वाटेवर, गावापासून अडीच कोसांवर त्रिरश्मी डोंगरातील लेण्यांत जावे लागते. त्यांना आपण पांडवलेणी म्हणतो, पण पांडवांचा त्यांच्याशी संबंध नाही. ती बौद्ध भिक्षूंसाठी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली आहेत. तेथल्या एका शिलालेखात नाशिककरांचा उल्लेख सरळ आलेला आहे. पुढे मोगलाईत याच गावाला गुलशनाबाद म्हणू लागले. गुलशन म्हणजे फुलांची बाग. मराठ्यांचा अंमल आला आणि जुने नाव पुन्हा रूढ झाले. नावे राज्यकर्त्यांबरोबर बदलतात, पण लोकांच्या तोंडचे नाव पुष्कळदा टिकून राहते, हा येथला पहिला धडा.

आता चला. जुन्या मध्यवर्ती स्टँडवरून रविवार कारंज्याच्या वाटेने आलात की होळकर पूल लागतो. इंग्रजी अमदानीत याला व्हिक्टोरिया पूल म्हणत. आज त्याला अहिल्याबाई होळकरांचे नाव आहे. पुलाच्या अलीकडेच, म्हणजे जुन्या नाशिकच्या बाजूला, सुंदरनारायणाचे देऊळ आहे. ते गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी १७५६ साली बांधविले. चंद्रचूड हे होळकरांच्या दौलतीतले मातबर कारभारी. येथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळू लागते. अठराव्या शतकात मराठ्यांच्या फौजा माळव्यात, बुंदेलखंडात, थेट दिल्लीपर्यंत जात होत्या. तिकडच्या चौथाईचा आणि जहागिरींचा पैसा सरदारांच्या घरी येत होता. त्यातला काही वाड्यांत गेला, काही लढायांत गेला, आणि काही गोदावरीच्या काठी घाट आणि देवळे होऊन बसला. तेव्हा पंचवटीचे दगड सह्याद्रीचे असले तरी त्यांच्यामागचा पैसा पार नर्मदेपलीकडून आलेला आहे.

पूल ओलांडला की तुम्ही पंचवटीत आलात. नाशिकचे जुने गाव नदीच्या उजव्या काठावर आणि पंचवटी डाव्या काठावर. पूर्वेकडे वाहणारी गोदावरी येथे वळण घेऊन दक्षिणेकडे वळते. नदीच्या अशा वळणाला आपल्याकडे विशेष पवित्र मानतात, आणि तीर्थ येथेच का वसले याचे एक कारण हे वळण आहे. नाशिककर गोदावरीला गोदावरी म्हणत नाहीत, गंगा म्हणतात. गंगेवर जाऊन येतो, असे कुणी म्हटले तर तो काशीला निघाला असे समजू नका.

पायऱ्या उतरून रामकुंडावर या. हे कुंड १६९६ साली चित्रराव खटावकर यांनी बांधले, आणि पुढे गोपिकाबाई पेशवे यांनी त्याची सुधारणा केली, अशी नोंद आहे. या गोपिकाबाईंजवळ क्षणभर थांबण्यासारखे आहे. नानासाहेब पेशव्यांची ही पत्नी. १७६१ साली पानिपतावर थोरला मुलगा विश्वासराव पडला, त्याच वर्षी पती गेले. १७७२ साली माधवराव क्षयाने गेले, आणि १७७३ साली नारायणरावाचा शनिवारवाड्यात खून झाला. बाराच वर्षांत पती आणि तीन मुले गेलेली ही बाई आयुष्याच्या अखेरच्या काळात नाशिकला येऊन राहिली आणि १७८८ साली येथेच वारली. आणि गंमत नव्हे, दैवाचा खेळ म्हणा, की याच नदीच्या वरच्या अंगाला आनंदवल्लीला राघोबादादांचा वाडा होता. ज्यांच्याकडे नारायणरावाच्या खुनाचे बोट दाखवले गेले, ते दीर आणि जाऊ, आणि ही आई, यांची नावे एकाच नदीच्या काठाशी जोडलेली आहेत. शाळेत आपण पेशव्यांची नावे आणि साले पाठ करतो. घाटाच्या पायरीवर बसून ही चार माणसे आठवली, तर पाठ केलेल्या सालांना अर्थ येतो.

रामकुंडात लोक आप्तांच्या अस्थी विसर्जन करायला येतात. १९४८ साली महात्मा गांधींच्या अस्थींचा अंशही येथे विसर्जित झाला. शेजारच्या तळ्याला गांधी तलाव म्हणतात. जवळच गंगागोदावरीचे एक देऊळ आहे. ते सिंहस्थ असतो तेव्हाच उघडते. सिंहस्थ म्हणजे गुरू सिंह राशीत असण्याचा काळ, सुमारे बारा वर्षांनी एकदा येणारा. त्या वेळी वैष्णव साधूंचे स्नान येथे रामकुंडावर होते आणि शैवांचे त्र्यंबकेश्वरी. २०१५ सालच्या सिंहस्थातही हीच वाटणी होती.

याच घाटावर तीर्थोपाध्यायांची घरे आणि त्यांच्या वह्या आहेत. इतिहासाच्या दृष्टीने मला तर त्या देवळांइतक्याच मोलाच्या वाटतात. तुमचे गाव आणि आडनाव सांगा. तुमच्या गावाचे उपाध्ये कोण, हे ते सांगतील आणि वही उघडून तुमच्या घराण्यातले कोण केव्हा येथे आले होते, ते दाखवतील. कुणाच्या पणजोबांची मोडीतली सही सापडते, कुणाच्या आजोबांचा अंगठा. काही वेळा पाच-सहा पिढ्यांचा पट्टा सलग निघतो. तलाठ्याच्या दप्तरात जमीन लिहिलेली असते, येथे माणूस लिहिलेला असतो. हरिद्वार, प्रयाग, काशी येथेही अशाच वह्या आहेत. तुमच्या घरचे कुणी कधी आले होते की नाही, याची वेळ असेल तर अवश्य चौकशी करा. आणि वही उघडली, की त्यात बायकांची नावे कशी येतात तेही पाहा. स्वतःच्या नावाने येतात, की अमक्याची बायको, तमक्याची आई म्हणून येतात? वहीत काय लिहिले आहे हे तर वाचावेच, पण काय लिहिलेले नाही तेही वाचायला शिकले पाहिजे.

रामकुंडासमोर, पायऱ्या चढून वर, कपालेश्वराचे देऊळ आहे. शंकराच्या देवळात नंदी हवाच, असा आपला समज. येथे नंदी नाही. कथा अशी सांगतात की शंकराला लागलेले ब्रह्महत्येचे पातक या तीर्थात स्नान केल्याने जाईल, हा उपाय नंदीने सुचवला. म्हणून शंकराने त्याला गुरू मानले, आणि गुरूने शिष्यापुढे बसू नये म्हणून येथे नंदी नाही. ही कथा आहे, पुरावा नव्हे. पण शिकवणारा खालच्या पायरीवर बसत नाही, हे सांगणारी कथा गुरुजींना आवडावी अशीच आहे.

आता नदीकाठानेच थोडे खाली या. बुधवार असेल तर घाटावर बाजार भरलेला असतो, त्यातून वाट काढावी लागेल. येथे काठालाच रामेश्वराचे देऊळ आहे. पण त्या नावाने विचाराल तर कुणी चटकन सांगणार नाही, नारोशंकराचे देऊळ म्हणा. १७४७ साली नारोशंकर राजेबहाद्दर यांनी ते बांधले. भोवती भक्कम कोट आहे आणि देवळाच्या दगडावर बारीक कोरीव काम आहे. हे नारोशंकर कोण? मालेगावचा भुईकोट किल्ला ज्यांनी बांधला तेच. झाशीचा कारभार मराठ्यांकडून पुष्कळ वर्षे ज्यांनी पाहिला तेही हेच. आणि पानिपताच्या आदल्या वर्षी, १७६० साली, सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा तेथला बंदोबस्त ज्यांच्याकडे दिला तेही हेच नारोशंकर. मालेगाव, झाशी, दिल्ली आणि पंचवटी ही चार ठिकाणे एका माणसाने जोडली आहेत. नकाशावर ही चार नावे मुलांकडून जोडून घ्या. अठराव्या शतकातला महाराष्ट्र किती पसरला होता, हे व्याख्यानाशिवाय त्यांना कळेल.

देवळाच्या दरवाजावर घंटा टांगलेली आहे. तिच्याकडे नीट पाहा, कारण ती देवळासाठी ओतलेलीच नाही. ती ख्रिस्ती चर्चची आहे, आणि तिच्यावर १७२१ हे साल आहे. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला, तेव्हा तेथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी सरदारांनी आपापल्या देवळांना दिल्या. भीमाशंकरला अशी घंटा आहे, वाईजवळ मेणवलीला आहे, आणि ही येथे. वसईच्या वेढ्यात किती माणसे पडली हे घंटा सांगत नाही. पण वसई हे गाव कधी न पाहिलेल्या नाशिककराच्या रोजच्या बोलण्यात ती लढाई या घंटेच्या रूपाने राहिली. मोठ्या आवाजाच्या माणसाला नारोशंकराची घंटा म्हणण्याची येथे पद्धतच होती.

पावसाळ्यात तर या घंटेला आणखी एक काम असे. पूर किती चढला हे सांगण्याचे. नदीच्या पात्रात जवळच दुतोंड्या मारुती उभा आहे. दोन तोंडांचा, उंच आणि उघड्यावरचा. गंगेला पूर आला की नाशिककर फूट आणि मीटर विचारीत नाहीत. मारुतीच्या घोट्याला पाणी लागले का, गुडघ्याला लागले का, कमरेपर्यंत आले का, असे विचारतात. मारुती बुडाला आणि पाणी नारोशंकराच्या घंटेकडे चढू लागले, म्हणजे सराफबाजाराने दुकाने आवरावीत. आज वरच्या बाजूला गंगापूर धरण आहे, किती पाणी सोडले याचे आकडे येतात, पण लोकांचे माप अजून मारुतीच आहे. १९६९ च्या सप्टेंबरातला महापूर जुन्या माणसांच्या आठवणीतून जात नाही. त्यानंतर २००८ साली आणि २०१९ सालीही गोदावरीने असाच घाट गिळला होता. गुरुजी, तुमच्या गावच्या ओढ्याला वा नदीला असे माप आहे का? एखादा पार, एखादा दगड, देवळाची एखादी पायरी? असेल तर तो तुमच्या गावचा दप्तरात नसलेला इतिहास आहे. वडील माणसे आहेत तोवर तो लिहून घ्यावा.

नदी सोडून आता वर चढा. गल्लीतून काही पावले गेलात की पाच वड लागतात. पंचवटी हे नाव यांवरूनच. शेजारी सीतागुंफा आहे. वाकून, अंग चोरून आत जावे लागते. अंगाने भारी असाल किंवा दम लागत असेल तर बाहेरूनच नमस्कार करावा. आणखी वेळ असेल तर नदीच्या खालच्या अंगाला तपोवन आहे, कपिला आणि गोदावरीच्या संगमावर. पण तीन तासांत तपोवन साधायचे म्हणजे काळाराम घाईत पाहावा लागेल, आणि तसे करू नये. गाण्याची आवड असणाऱ्यांना एवढे सांगतो की हिंदुस्थानी संगीत घराघरात नेणाऱ्या पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी आपल्या उत्तरायुष्यात याच पंचवटीत रामनाम आधाराश्रम काढला होता. रेडिओवर भजन ऐकताना पंचवटीची ही ओळख आठवावी.

आता काळाराम मंदिर. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरच्या काळात हे बांधले. दगड काळा आहे, आणि तो उत्तरेकडच्या रामशेज डोंगरातून आणला असे सांगतात. रामशेज म्हणजे तोच किल्ला, जो १६८२ पासून पाच वर्षांहून अधिक काळ औरंगजेबाच्या सरदारांना दाद देत नव्हता. मंदिराभोवती कमानींच्या ओवऱ्या आहेत, चार दिशांना चार दरवाजे आहेत, आणि पूर्वेच्या बाजूला वेगळा सभामंडप आहे. तेथे कथाकीर्तने चालतात. राम, लक्ष्मण आणि सीता यांच्या मूर्ती काळ्या पाषाणाच्या, म्हणून काळाराम. जुने देऊळ लाकडी होते आणि मूर्ती नदीत सापडल्या, अशीही कथा आहे. बांधणीला बारा वर्षे लागली आणि दोन हजार माणसे राबली, असे लोक सांगतात. आकडा थोडा इकडे-तिकडे असेल, पण राबली ती माणसेच. डोंगर फोडणारा बेलदार, दगड घडणारा पाथरवट, चुना मळणाऱ्या बाया, गाडे हाकणारे. सरदाराचे नाव राहिले. यांतल्या एकाचेही राहिले नाही.

दर्शन घ्या, ओवरीत टेकून घटकाभर बसा. आणि मग बाहेर येऊन दरवाजापाशी उभे राहा. कारण ज्यासाठी मी तुम्हाला येथवर आणले, ती गोष्ट मंदिराच्या आत घडली नाही. ती या दरवाजाबाहेर घडली.

१९३० सालचा मार्च महिना. रामाचे दर्शन सर्वांना खुले, पण अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्या जातींना या दरवाजातून आत जाण्याची बंदी होती. तीन वर्षांपूर्वी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या हजारो सहकाऱ्यांसह प्यायले होते. आता प्रश्न देवळाचा होता. २ मार्च १९३० रोजी नाशिकला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली, आणि तेथून सुमारे पंधरा हजार माणसांची मिरवणूक निघाली. ती मैलभर लांब होती म्हणतात. खेड्यापाड्यांतून, पायी, भाकऱ्या बांधून माणसे आली होती. मिरवणूक येथे पोहोचली तेव्हा चारही दरवाजे बंद होते. मग ती शांतपणे वळली आणि तुम्ही आत्ता ज्या घाटावरून आलात त्या घाटावर जाऊन सभेत बसली. दुसऱ्या दिवशी, ३ मार्चला, सत्याग्रह्यांची पहिली तुकडी दरवाजांशी बसली. तीत १२५ पुरुष होते आणि २५ स्त्रिया होत्या. या पंचवीस जणींची आठवण मी मुद्दाम करून देतो. गांधीजींची दांडीयात्रा निघाली ती १२ मार्चला, म्हणजे त्यानंतर नऊ दिवसांनी. एकाच महिन्यात या देशात दोन सत्याग्रह चालले होते. एक मिठासाठी सरकारशी, आणि दुसरा देवाच्या दरवाजात आपल्याच माणसांशी.

मंदिर महिनाभर सर्वांनाच बंद राहिले. ९ एप्रिलला रथयात्रेचा दिवस आला. रथ ओढण्यात दोन्ही बाजूंनी भाग घ्यावा अशी तडजोड झाली होती. ती पाळली गेली नाही. दगडफेक झाली आणि माणसे रक्तबंबाळ झाली. तरीही सत्याग्रह थांबला नाही. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे भाऊराव कृष्णाजी गायकवाड, ज्यांना सारा महाराष्ट्र पुढे दादासाहेब म्हणू लागला, त्यांनी तो नेटाने चालवला. मध्ये खंड पडत, पुन्हा सुरू होत, तो १९३५ पर्यंत चालला. पाच वर्षे! शेतीची कामे सांभाळून, गावोगावचा बहिष्कार सोसून. गावात दळण बंद, किराणा बंद, काम बंद, म्हणजे काय, हे खेड्यात राहणाऱ्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

आणि दरवाजा उघडला का? नाही. त्या पाच वर्षांत नाही. १९३४ साली बाबासाहेबांनी गायकवाडांना पत्रातून कळविले की मूर्तिपूजेसाठी आपण हा लढा काढला नव्हता. आपल्या लोकांना स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी, त्यांच्यात चैतन्य यावे, यासाठी तो होता, आणि ते काम झाले आहे. नंतर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्याला त्यांनी जाहीर केले, की जन्म हिंदू म्हणून झाला तो माझ्या हातचा नव्हता, पण हिंदू म्हणून मी मरणार नाही. एकवीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला लक्षावधी लोकांसह त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. नागपूरच्या त्या दिवसाकडे जाणारी एक वाट या दरवाजापासून निघते. मोठ्या घटनांची सुरुवात पुष्कळदा अशा बंद दारापाशी झालेली असते.

इतर ठिकाणी काय चालले होते तेही पाहावे. केरळात वैक्कमच्या देवळाभोवतीच्या रस्त्यांसाठी १९२४-२५ साली सत्याग्रह झाला होता. त्रावणकोरच्या महाराजांनी १९३६ साली आपल्या राज्यातील देवळे सर्वांना खुली केली. आपल्याकडे साने गुरुजींनी पंढरपूरच्या विठोबासाठी मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावून उपोषण केले, आणि ते देऊळ खुले झाले. त्याच वर्षी मुंबई सरकारने मंदिरप्रवेशाचा कायदा केला. १९५० साली राज्यघटना आली आणि तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यताच नष्ट केली. आज काळारामाच्या दरवाजातून कुणीही आत जातो. तुम्हीही आत्ता गेलात, कुणी तुमची जात विचारली नाही. पण हे आपोआप झाले नाही. उंबऱ्याबाहेर कुणीतरी उन्हात बसले होते, म्हणून झाले.

काही जण म्हणतील, देवाच्या ठिकाणी जाऊन ही जुनी भांडणे कशाला उकरायची? मुलांना चांगले तेवढे सांगावे. मला तसे वाटत नाही. नारोशंकराची घंटा दाखवताना आपण वसईचा विजय अभिमानाने सांगतो. तोही इतिहास अडीचशे वर्षांहून जुनाच आहे. मग शंभर वर्षेही न झालेली गोष्ट जुनी कशी? जे अभिमानाचे तेवढे इतिहास, आणि जे टोचते ते भांडण, असा हिशेब धरला, तर आपण इतिहास शिकवीत नाही, आरती म्हणतो. आणि वर्गात त्या पंधरा हजारांतल्या कुणाचा पणतू बसलेला असतो, त्याने काय समजावे? त्याच्या पणजोबाने जे केले ते सांगण्यासारखे नाही, असे? उलट मी तर म्हणेन की रंगराव ओढेकरांनी हे मंदिर एकदा बांधले, आणि या माणसांनी ते दुसऱ्यांदा बांधले. पहिल्या वेळी दगडांनी, दुसऱ्या वेळी धीराने.

पुन्हा कधी आलात आणि अर्धा दिवस मोकळा असला, तर मघाशी सांगितलेली त्रिरश्मी लेणी अवश्य पाहा. एकंदर चोवीस लेणी आहेत. तेथे गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, लेख आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचाही आहे. त्याने भिक्षूंच्या खर्चासाठी तीन हजार कार्षापण गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. दोन हजार महिना शेकडा एक दराने, आणि एक हजार शेकडा पाऊण दराने. म्हणजे आजच्या सहकारी पतपेढीसारखा विश्वास त्या काळी विणकरांच्या संघावर होता. आणि अठराव्या क्रमांकाच्या चैत्यावर काय आहे? धंभिक नावाच्या गावाने दिलेले दान. राजा नाही, सरदार नाही, एक गाव. पंचवटीत पाथरवटांची नावे शोधून सापडत नाहीत, आणि तेथे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका खेड्याने आपले नाव दगडावर ठेवले आहे. हा फरक डोळ्यांनी पाहण्यासारखा आहे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सूचना करतो. सहल काढाल तेव्हा मुलांना पंधरा ठिकाणे पळवत दाखवू नका. तीनच दाखवा. घंटा, मारुती आणि दरवाजा. घंटेपाशी विचारा, ही येथे कशी आली? मारुतीपाशी विचारा, पाणी कशाने मोजाल? दरवाजापाशी विचारा, येथे बाहेर कोण बसले होते, आणि का? उत्तरे तुम्ही सांगू नका, परतीच्या वाटेवर त्यांना आपापसात बोलू द्या. चुकीची उत्तरे येतील. येऊ द्यावीत, ती दुसऱ्या दिवशी फळ्यावर सुधारता येतात.

आता घड्याळ पाहा. काळारामापासून निमाणीचे बसस्थानक फार दूर नाही, तेथून शहर बस मिळते. नाशिकरोडला रेल्वे गाठायची असेल तर मात्र तासभर हाताशी ठेवून निघा. स्टेशन गावापासून लांब आहे. एके काळी तेथवर घोड्यांची ट्राम चाले, आज रस्त्यावरची गर्दी पाहता ती घोडी कदाचित आधी पोहोचली असती. खिडकीशी जागा मिळाली तर उत्तम. शेजारी बसलेल्याला विचारा, पंचवटीत काय पाहिलेत? तो म्हणेल, रामकुंड आणि काळाराम. मग तुम्ही त्याला दरवाजाची गोष्ट सांगा. गाव येईपर्यंत ती पुरेल.